वेचणारे पक्षी आणि लिहिणारी माणसे

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



शंभर वर्षांच्या संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहताना माझ्या मनात आनंदापेक्षा संकोच अधिक आहे. या संस्थेचे मी देणे लागतो. ऋणकोने धनकोच्या दारात उभे राहून भाषण करावे, असा काहीसा प्रकार आज घडत आहे. 'लेखक कसा घडतो' या विषयावर मी बोलावे, असे कार्यवाहांनी सुचवले होते. लेखक कसा घडतो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. परंतु लेखक काय उचलतो, उचललेले कोठे ठेवतो आणि त्याचे पुढे काय करतो, याविषयी माझ्या अल्प अनुभवातून चार शब्द सांगता येतील. म्हणून विषय थोडा वाकवून घेण्याची परवानगी मी मागितली, आणि ती त्यांनी दिली.

या विषयाचे बीज याच वास्तूत पडले. मी विशीत होतो. रोज संध्याकाळी येथील वाचनकक्षात येऊन बसत असे आणि जे आवडेल ते वहीत उतरवून घेत असे. कधी एखादा शब्द, कधी एखादी बातमी, कधी शेजारच्या बाकावरील दोन वृद्धांचे संभाषणही. एके दिवशी तेव्हाच्या ग्रंथपालांनी माझी वही हातात घेतली, चष्मा वर करून दोन पाने चाळली आणि म्हणाले, "तुमची जात कावळ्याची दिसते. जेथे बसाल तेथून काही तरी चोचीत धरूनच उठाल." मला राग आला होता. आज वाटते, त्यांनी माझे जे वर्णन केले त्यात निंदेपेक्षा निरीक्षणच अधिक होते. त्यानंतर मी पक्ष्यांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. मी पक्षिशास्त्रज्ञ नाही. विश्वामित्रीच्या काठी फिरायला जाणारा आणि पक्ष्यांविषयी मिळेल ते वाचणारा एक सामान्य माणूस आहे.

उचलणारा पक्षी म्हटला की त्याच्यावर पहिला आरोप येतो तो चोरीचा. युरोपात मॅगपाय नावाचा काळापांढरा, लांब शेपटीचा पक्षी आहे. तो कावळ्याच्याच कुळातला. चकाकणाऱ्या वस्तूंचा त्याला मोह असतो आणि त्या तो चोरून घरट्यात नेतो, अशी तेथील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. रोसिनी या इटालियन संगीतकाराने १८१७ साली या समजुतीवर एक संगीतिकाच रचली. घरातील चांदीची वस्तू नाहीशी होते, आळ मोलकरणीवर येतो, तिला देहान्ताची शिक्षा होण्याची वेळ येते आणि शेवटी चोर निघतो तो हा पक्षी. गंमत अशी की २०१४ साली इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठातील संशोधकांनी या पक्ष्यांसमोर चकचकीत वस्तू ठेवून पाहिल्या, तेव्हा पक्षी त्यांच्याकडे ओढले जाण्याऐवजी बिचकून दूरच राहिले. मोलकरीण निर्दोष होतीच. पक्षीही बहुधा निर्दोष होता.

आपल्याकडे याच कुळातला एक देखणा पक्षी आहे. अंग तांबूस, डोके धुरकट काळे, शेपूट लांब आणि टोकाशी काळी. मराठीत त्याचे नाव टकाचोर! त्याच्या नावावर चोरीचा शिक्का कायमचा बसला आहे. वास्तविक तो फळे, किडे, लहान पिल्ले, अंडी असे मिळेल ते खातो आणि सांबराच्या अंगावर बसून त्याच्या गोचिड्याही टिपतो. टका घेऊन तो करणार काय? लेखकाचेही असेच आहे. लोक समजतात की आपल्या घरातील सोन्यानाण्यासारखे काही तरी हा नेईल. एखादे मोठे गुपित, एखादी मोठी लाज. तो नेतो ते निराळेच असते. आजोबा जेवताना पानाभोवती पाणी कसे फिरवत, सासूबाई नाराज झाल्या की भांडी कोणत्या आवाजात ठेवत, असले काही तरी. ज्याचे ते असते त्याला ते गेल्याचे कळतही नाही. मात्र कळत नाही म्हणून ते त्याचे नव्हते, असे म्हणता येत नाही. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

ग्रंथपालांनी मला कावळा म्हटले होते, तेव्हा कावळ्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. खेड्यातला कावळा काटक्यांचे घरटे बांधतो. मुंबईसारख्या शहरातला कावळा तारांचे बांधतो. बांधकामाच्या तारा, टाकून दिलेल्या तारा, जे जवळपास मिळेल ते. त्याला काटक्यांविषयी अभिमान नाही आणि तारांविषयी कमीपणा नाही. आपण बडोदेकर मराठी माणसे हे सहज समजू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण घरात मराठी बोललो, बाजारात गुजराती बोललो, आणि दोन्हींच्या काटक्या-तारा एकमेकींत गुंतत गेल्या. पुण्याहून आलेले पाहुणे आपल्या मराठीला हसतात, हसू देत. चिं. वि. जोशी याच गावातील महाविद्यालयात पाली शिकवत होते. जातककथांतील बोलत्या पशुपक्ष्यांशी त्यांचा रोजचा परिचय. आणि त्यांनी निर्माण केलेल्या माणसाच्या नावातच एक चिमणी बसली आहे! चिमणरावाचा संसार कशाचा बनला आहे ते पाहा. फसलेले बेत, आलेले पाहुणे, घरगुती रुसवेफुगवे. दुसऱ्या कोणी या वस्तू रस्त्यावरून उचलल्याही नसत्या.

उचलल्यानंतर प्रश्न येतो साठवण्याचा. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत क्लार्कचा नटक्रॅकर नावाचा एक पक्षी आहे. त्याचे भाऊबंद आपल्या हिमालयातील सूचिपर्णी अरण्यांतही आहेत. पाइनच्या बिया हे त्याचे अन्न. जिभेखाली त्याला एक पिशवी असते. तीत बिया भरून तो दूरवर उडत जातो आणि थोड्याथोड्या बिया जमिनीत पुरून ठेवतो. एका हंगामात हा एक पक्षी हजारो ठिकाणी मिळून अक्षरशः दहा-दहा हजारांच्या हिशेबात बिया पुरतो. हिवाळ्यात सारे बर्फाखाली जाते, आणि तरीही दगड, ओंडके, झाडे यांच्या खुणा लक्षात ठेवून तो आपला साठा शोधून काढतो.

लेखकाची वही ही अशी जिभेखालची पिशवी आहे. परंतु केवळ पिशवी भरून भागत नाही. पुरलेले कोठे पुरले, हे आठवावे लागते. आमचे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून वाड्यांतील दप्तरे धुंडाळली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला. त्यात पानिपतच्या काळातील पत्रे होती. पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. लोक जे कागद रद्दी समजत होते ते त्यांनी वेचले. पण कोणता कागद कोणत्या प्रसंगाला लागतो, हे त्यांच्या डोक्यात नसते तर त्या ढिगाची किंमत ढिगाएवढीच राहिली असती.

त्याहून जुने आणि माझ्या मते त्याहून थोर उदाहरण म्हाइंभटांचे. तेराव्या शतकाच्या अखेरीस, श्रीचक्रधरस्वामींच्या पश्चात, ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांचे शब्द ऐकले होते, अशा माणसांकडून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि त्यांतून मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, 'लीळाचरित्र', सिद्ध झाला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना तो ग्रंथ मुखोद्गत होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा जुळवण्यात आला. हिराइसा या साधक स्त्रीचे नाव त्यात विशेष आदराने घेतले जाते. एकदा वेचलेले हरवले आणि ते दुसऱ्यांदा माणसांच्या आठवणीतून वेचावे लागले. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, एखादा प्रसंग कोणाला निराळा आठवत असेल, तर तो निराळा पाठही सांगणाऱ्याच्या नावासह पोथ्यांतून टिकून राहिला. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना वाटले नाही की एक गुळगुळीत कथा तयार करावी आणि बाकीची नावे पुसून टाकावी.

साठवणाऱ्या पक्ष्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. स्क्रब-जे नावाचा एक निळसर पक्षी आहे, तोही कावळ्याच्या कुळातलाच. केंब्रिज विद्यापीठात निकोला क्लेटन आणि नेथन एमरी यांनी त्याच्यावर प्रयोग केले. अन्न पुरताना दुसरा पक्षी पाहत असेल, तर हा पक्षी नंतर एकांत साधून परत येतो आणि साठा दुसऱ्या जागी हलवतो. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षातील मर्म पुढेच आहे. साठा हलवतात ते पक्षी ज्यांनी स्वतः पूर्वी कोणाचा तरी साठा चोरलेला असतो. ज्याने कधी चोरी केली नाही, त्याला संशय येत नाही. साहित्यसंमेलनांतून पन्नास वर्षे वावरल्यावर मी एवढे म्हणू शकतो की, 'माझी कल्पना अमक्याने चोरली' असे जो मोठ्याने सांगत फिरतो, त्याच्या वह्या एकदा पाहाव्यात! (हशा)

आता सजावटीचा पक्षी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात सॅटिन बाउअरबर्ड नावाचा पक्षी आहे. आपण त्याला कुंजपक्षी म्हणू. नर काटक्यांचा एक छोटासा मंडप उभारतो आणि त्याच्यापुढे निळ्या वस्तू मांडून ठेवतो. निळी पिसे, निळी फुले, आणि आता माणसांनी टाकलेली निळी झाकणेसुद्धा. शेजारच्या नराच्या मंडपातील निळी पिसे तो बेधडक पळवतो. मादी हे प्रदर्शन पाहायला येते. परंतु तो मंडप म्हणजे घरटे नव्हे. त्यात अंडे घातले जात नाही, पिल्लू वाढत नाही. मादी आपले घरटे दुसरीकडे, एकटी बांधते. आपल्या भाषेत असे कितीतरी लेख, कितीतरी अध्यक्षीय भाषणे मी वाचली आहेत आणि, खरे सांगायचे तर, लिहिलीही आहेत. अवतरणांची निळी पिसे ओळीने मांडलेली. परंतु वाचकाने आत येऊन राहावे अशी जागा कोठेच नाही.

काही जण विचारतील, दुसऱ्यांच्या वस्तूंशिवाय लेखकाचे मुळीच चालत नाही काय? चालत नाही, आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. संस्कृतात कोकिळेला 'परभृत' म्हणतात, दुसऱ्याने वाढवलेली. कावळ्याच्या घरट्यात तिची पिल्ले वाढतात. 'शाकुंतला'त दुष्यंत हाच दाखला देऊन शकुंतलेचा, साऱ्या स्त्रीजातीचाच, अधिक्षेप करतो. दोष नेहमी कोकिळेला दिला जातो. कावळ्याच्या कष्टांकडे कोणी पाहत नाही. मराठीचा संसार पाहिला तर आपण कोकिळेपेक्षा कावळ्याचीच भूमिका पुष्कळदा केली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणले. आगरकरांनी 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले. देवलांचे 'संशयकल्लोळ' मोलिएरकडून इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले. ही परक्यांची अंडी. परंतु ऊब मराठीची. ज्या प्रेक्षकांनी फाल्गुनरावाला आपल्या आळीतला समजून हसून घेतले, त्यांना ते अंडे कोठून आले याची आठवणही राहिली नाही. या गावात महाराज सयाजीरावांनी श्रीसयाजी साहित्यमालेच्या रूपाने अशा कामाला राजाश्रय दिला. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांना बोलावून त्यांनी गावोगावी ग्रंथालये काढली, आणि ग्रंथ लाकडी पेट्यांत घालून खेड्यांपर्यंत पाठवले. ग्रंथांना घरटी मिळावीत, याची एवढी काळजी वाहणारे राज्यकर्ते विरळाच.

आता ज्या पक्ष्यापाशी मला यायचे होते, तो पक्षी. आपण त्याला सुगरण म्हणतो. आपले गुजराती शेजारी सुगरी म्हणतात. पावसाळ्यात बाभळीवर, खजुरीवर, विहिरीवर वा ओढ्यावर वाकलेल्या फांद्यांना लोंबणारे तिचे खोपे आपण सर्वांनी पाहिले आहेत.

या पक्ष्याचा खरा जीवनक्रम प्रथम बारकाईने उलगडला तो सालिम अलींनी. ते जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३० साली परत आले, तेव्हा मुंबईतील संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. नोकरी नाही, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तेथे घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रिकाम्या हातांच्या या माणसाने तासन्‌तास तिच्याकडे पाहण्यात तो पावसाळा घालवला, आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने आपली जुनी समजूत उलटीपालटी केली. नाव सुगरण असले तरी विणकर असतो तो नर. तो गवताच्या, भाताच्या, शिंदीच्या पात्याला काठाशी चोचीने खाच पाडतो, पाते धरून उडतो आणि लांब धागा सोलून आणतो. असे शेकडो धागे आणून तो घरटे अर्धे विणतो. अर्धे झाले की थांबतो. आता माद्या पाहणीला येतात. एखादी आत शिरते, ओढून पाहते, निघून जाते. दुसरी येते. पसंत पडले तर ती राहते, आणि मगच तो ते घरटे पुरे करून त्याला नळीसारखे दार विणतो. पसंत पडले नाही, तर ते अर्धे घरटे तसेच वाऱ्यावर लोंबत राहते. पुढे अंडी घालणे, उबवणे, हे सारे ती करते; आणि हे महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला घेतात.

लेखक आणि वाचक यांच्या नात्याचे याहून अचूक चित्र मला आजवर आढळलेले नाही. लेखकाने कितीही विणले तरी ते अर्धेच असते. कोणी तरी आत येऊन धागा ओढून पाहावा लागतो. या वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी शंभर वर्षे हेच काम चालले आहे. दुपारी येणाऱ्या भगिनी पुस्तक उघडून मधलीच दोन पाने वाचत आणि 'नको, हे नाही' म्हणून परत ठेवत. तेव्हा कोणा तरी लेखकाचे अर्धे घरटे वाऱ्यावर राहत असे. हे निष्ठुर आहे, पण न्याय्य आहे.

सुगरणीच्या घरट्यात आतून ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात. वाऱ्यात घरटे स्थिर राहावे म्हणून ते असावेत, असे मानतात. आमच्या लहानपणी मात्र आम्हाला सांगत की त्या चिखलात ती काजवे चिकटवते आणि रात्री घरट्यात दिवा लागतो. शास्त्राला ही गोष्ट मान्य नाही. तरीही ती मला मोडवत नाही.

सुगरण म्हटली की बहिणाबाई चौधरींची कविता प्रत्येक मराठी माणसाला आठवते. ती मी येथे म्हणत नाही. आपल्या सर्वांना पाठ आहे. मला त्या कवितेमागची हकिकत सांगायची आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात, जात्यावर त्या रचत आणि म्हणत. आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व सोपानदेवांचे मावसबंधू ती गाणी टिपून ठेवत. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती प्रकाशात आणण्याचा आग्रह धरला, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. दोन-चार ओळी, दोन-चार प्रतिमा आपल्या कवितेत मिसळून घेतल्या असत्या तर कोणाला कळणार होते? परंतु त्यांनी वेचले आणि ज्याचे त्याच्या नावावर ठेवले.

सभासदहो, हे सारे मी एवढ्या विस्ताराने सांगितले, कारण मी तसे केले नाही.

आमच्या वाड्यात एक वृद्ध बाई राहत होत्या. त्यांचे नाव मी घेत नाही. आम्ही मुले त्यांना माई म्हणत असू. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांचे आईवडील दोघेही गेले. तेव्हा माई बारा वर्षांच्या होत्या. मामा त्यांना घेऊन रत्नागिरीकडून बोटीने मुंबईस आले आणि तेथून आगगाडीने बडोद्यास. पोह्यांची पुरचुंडी, डब्यातली गर्दी, रात्री पुलावरून जाताना गाडीचा बदललेला आवाज, सकाळी स्टेशनवर ऐकू आलेली आणि काहीच न समजलेली गुजराती; हे सारे त्या अंगणात तांदूळ निवडता निवडता सांगत. मी ऐकत असे, आणि रात्री वहीत उतरवून ठेवत असे.

१९६८ च्या दिवाळीत त्या हकिकतीवर लिहिलेली माझी कथा एका दिवाळी अंकात छापून आली. एक पोरकी मुलगी, एक मामा, एक रात्र. लोकांना ती आवडली. माझे नाव थोडेफार झाले ते त्या कथेने. माईंना मी काही सांगितले नव्हते. परंतु त्या या वाचनालयाच्या जुन्या सभासद होत्या. त्यांनी तो अंक येथून नेला, वाचला आणि मुदतीत परत केला. आठ-दहा दिवसांनी जिन्यात भेटल्या. मी खाली मान घातली. त्या म्हणाल्या, "गोष्ट छान झाली रे. पण गाडीत आम्ही दोघी होतो. धाकटीला का उतरवलीस?"

माईंना सहा वर्षांची धाकटी बहीण होती. सबंध प्रवासात ती त्यांच्या मांडीवर डोके ठेवून निजली होती. बडोद्यास आल्यावर वर्षाच्या आत ती वारली. माझ्या वहीत ती होती. कथेत मी तिला घेतले नाही, कारण एकटी मुलगी अधिक परिणामकारक वाटत होती. दोघी असल्या की करुण रस विभागला जातो, असे काही तरी तेव्हा मला वाटत असे. मी त्यांना काय उत्तर दिले, ते आता आठवत नाही. त्या मात्र म्हणाल्या, "माझे नाव नाही घातलेस, ते बरेच केलेस. पण तिची आठवण असलेली या जगात मी एकटीच उरले आहे. तू लिहिलेस तेव्हा मला वाटले, आता दोघे झालो."

मला वाटत होते की माझा अपराध चोरीचा आहे. माईंच्या लेखी मी काही चोरलेच नव्हते. त्यांनी ती हकिकत माझ्या स्वाधीन केली होती, ती सांभाळण्यासाठी. मी तिच्यातले चकाकते तेवढे घेतले आणि बाकीचे गाडीतून खाली टाकले. म्हाइंभटांच्या परंपरेने प्रत्येक निराळी आठवणही नावासह जपली. मी एका सहा वर्षांच्या मुलीला मांडणीच्या सोयीसाठी पुसून टाकले.

माई १९७४ साली गेल्या. त्यानंतर एका दुपारी मी येथे आलो. बांधीव दिवाळी अंकांच्या कपाटातून १९६८ चा तो अंक काढला आणि माझ्या कथेच्या पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. गाडीत आणखी एक मुलगी होती, तिचे नाव अमुक, ती सहा वर्षांची होती. ग्रंथांवर लिहू नये, हा या संस्थेचा नियम येथील भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. आज सर्वांसमक्ष मी तो गुन्हा कबूल करतो. कार्यवाहांनी दंड सांगावा. पन्नास वर्षांच्या व्याजासह भरतो. मात्र त्या ओळी खोडू नयेत, एवढी विनंती आहे.

आता शेवटचे. आपल्या घरांतली मुले मराठी बोलतात, परंतु वाचत नाहीत. माझी नात त्यांपैकीच एक. बडोद्यात हे आहे, तसे इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या आप्तांच्या घरांतही आहे. शताब्दीच्या आनंदात ही चिंता आपल्यापैकी अनेकांच्या मनात डोकावत असणार. एवढी कपाटे भरून ठेवली, ती पुढे उघडणार कोण? तिचे खात्रीचे उत्तर माझ्यापाशी नाही. मघाच्या त्या नटक्रॅकरची एक गोष्ट तेवढी मी मागे ठेवली होती. तो पुरलेल्या साऱ्याच बिया काढत नाही. काही लागत नाहीत, काही राहून जातात. त्या डोंगरांवर व्हाइटबार्क नावाचा एक पाइन वृक्ष आहे. त्याची फळे आपोआप उकलत नाहीत आणि बिया वाऱ्याने उडत नाहीत. ते अरण्य जवळजवळ सर्वस्वी या पक्ष्याच्या राहून गेलेल्या बियांतून उगवते. ज्याने पुरले त्याने पाहिले नाही, आणि जे उगवले ते त्याच्यासाठी नव्हते.

म्हणून वाचनालयाला माझी एक सूचना आहे. देवघेवीच्या टेबलावर एक जाड कोरी वही ठेवावी. ज्यांना लिहिता येते त्यांनी आपल्या घरातील वृद्धांकडून ऐकलेले त्यात लिहावे. कोण कोठून आले, कोणत्या गाडीने आले, बरोबर कोण होते. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, गुजराती मिसळलेली असली तरी चालेल. सांगणाऱ्याचे नाव मात्र राहू नये असे होऊ नये. आणि जे बरोबर होते त्यांतील कोणालाही, परिणामासाठी म्हणून, गाडीतून उतरवू नये.

त्या वहीचे पहिले पान मी लिहून आणले आहे. ते मी अध्यक्षांच्या स्वाधीन करतो.